समुद्रकाठचे सुट्टीचे घर कुटुंबाचे राहते घर करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षातून काही दिवस उघडले जाणारे समुद्रकाठचे घर बारमाही राहते करू पाहणाऱ्या कुटुंबांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. बांधकामाचे नियम, कर आणि किनाऱ्यावरचे निर्बंध ठिकाणागणिक बदलतात, त्यामुळे त्यांबाबत कोणाकडे कशाची चौकशी करावी एवढेच सांगितले आहे.

१. आम्ही दर सुट्टीत तिथे राहतोच. मग सुट्टीचे घर आणि राहते घर यांत वेगळे काय?

सुट्टीच्या घरात माणसे कामे मागे ठेवून येतात, राहत्या घरात सगळी कामे घरातच असतात. सुट्टीत कपड्यांची एक पिशवी पुरते, आजारी पडल्यास परत जाता येते, गळणाऱ्या नळाकडे चार दिवस दुर्लक्ष करता येते आणि जेवणाच्या टेबलावर कोणाला अभ्यास करायचा नसतो. बहुतेक सुट्टीची घरे याच गृहीतावर बांधलेली असतात : मोठी बैठक, मोठ्या खिडक्या, भरपूर झोपण्याच्या जागा, आणि ठेवणीच्या वस्तूंना, वाळत घालायच्या कपड्यांना, एकांताला जागा जवळपास नाहीच. घर राहते करणे म्हणजे मुख्यत्वे या गाळलेल्या गोष्टी परत आणणे होय. समुद्राकडची खिडकी आणखी मोठी करण्यावर पहिला खर्च करणारी कुटुंबे आणि कपडे वाळवण्याच्या झाकलेल्या जागेवर पहिला खर्च करणारी कुटुंबे यांपैकी दुसरी अधिक सुखाने राहतात, असे माझे ठाम मत आहे.

२. निर्णय पक्का करण्याआधी घराची परीक्षा कशी घ्यावी?

ज्या ऋतूत तुम्ही तेथे कधीच जात नाही, त्या ऋतूत जाऊन राहा, आणि सुट्टी न घेता राहा. नोकरीचे काम तिथूनच करा, मुलांचा अभ्यास तिथेच होऊ द्या, सगळ्यांचे कपडे तिथेच धुवा आणि वाळवा. दुकाने, दवाखाना आणि वाहतूक यांची हंगामाबाहेरची अवस्था याच काळात कळते. पर्यटकांच्या हंगामात रोज उघडणारी अनेक दुकाने एरवी बंद असतात. रात्री अचानक दवाखान्यात जावे लागले तर किती वेळ लागेल, हे नकाशावर न पाहता रस्त्याने जाऊन पाहावे.

याच मुक्कामात एक कागद भिंतीला लावावा आणि ज्याला जी अडचण आली ती त्याने तिथे लिहावी. मुक्काम संपला की या यादीत दुरुस्तीने सुटणाऱ्या अडचणी किती आणि न सुटणाऱ्या किती, हे वेगळे काढावे. ओलसर कपाट दुरुस्त होते, पण रोजचा लांबचा प्रवास दुरुस्त होत नाही.

३. घर अगदी पाण्याला लागून नाही. तरीही खाऱ्या हवेचा त्रास होईल का?

होईल, मात्र अंतराप्रमाणे तो झपाट्याने कमी होतो. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वारा आत वाहून नेतो. त्यांतले मोठे थेंब किनाऱ्याजवळच पडतात आणि बारीक कण पुष्कळ आतपर्यंत पोहोचतात. खडकाळ, लाटांचा मारा असलेल्या किनाऱ्यावर हे प्रमाण शांत खाडीच्या काठापेक्षा खूप जास्त असते, त्यामुळे केवळ मीटरमध्ये अंतर मोजून निष्कर्ष काढता येत नाही. शेजारच्या जुन्या घरांची गजे, फाटके आणि विजेच्या खांबांवरचे नटबोल्ट पाहिले, तर तुमच्या जागेची खरी अवस्था लगेच कळते.

मीठ हवेतले पाणी ओढून घेते, हा त्रासाचा दुसरा भाग आहे. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला पाझरू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असल्याने ते याहून बऱ्याच कोरड्या हवेतही ओलसर राहते. म्हणून पाऊस नसताना, घर कोरडे दिसत असतानाही लोखंड गंजत राहते. याच कारणाने उघड्यावरच्या भागापेक्षा वळचणीखालचा, छज्जाखालचा, पाऊस न लागणारा भाग अनेकदा आधी गंजतो, कारण उघड्या भागावरचे मीठ पावसाने धुऊन निघते आणि आडोशाचे साचत जाते. गोड्या पाण्याने अशा जागा नियमित धुणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

४. दारे-खिडक्यांचे कोणते धातूकाम बदलावे आणि कशाने?

आधी बिजागऱ्या पाहा. दार अर्धे उघडून वरच्या बिजागरीचा स्क्रू नखाने खरवडला की डोक्याच्या खाचेत तपकिरी पूड लागते का, हे कळते. बिजागरी चांगल्या धातूची आणि स्क्रू साध्या लोखंडाचे, हा प्रकार इतका सर्रास आढळतो की नवी बिजागरी विकत घेताना स्क्रूही त्याच दर्जाचे मागून घ्यावेत.

स्टेनलेस स्टील गंजत नाही, हा समज किनाऱ्यावर अपुरा ठरतो. बाजारात सहज मिळणाऱ्या ३०४ प्रतीच्या पृष्ठभागावर काही महिन्यांतच चहाच्या रंगाचे डाग उमटू शकतात. ३१६ प्रतीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो आणि ती क्लोराइडचा, म्हणजे मिठातल्या गंज वाढवणाऱ्या घटकाचा, मारा अधिक सोसते, म्हणून बाहेरच्या कठड्यांना, कड्यांना व स्क्रूंना ही प्रत घ्यावी. तीही अधूनमधून धुवावी लागतेच. लोखंडी गजे ठेवायची असतील तर ती वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा दिलेली असावीत आणि मुलाम्यानंतर त्यांना वेल्डिंग किंवा भोके करू नयेत, कारण तिथूनच गंज सुरू होतो. रंग निवडताना आयएसओ १२९४४ या गंजरोधक रंगांच्या मानकातील सी५ किंवा सीएक्स या, सर्वाधिक गंजवणाऱ्या हवेच्या, वर्गांसाठी तो आहे का, हे विचारावे.

दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटून ठेवणे टाळावे. ओलावा आणि मीठ मिळाले की त्यांच्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि दोहोंतला दुबळा धातू झिजत जातो. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टीलचा स्क्रू घालायचाच असेल, तर मध्ये नायलॉनचा वायसर घालावा.

५. छताच्या खालच्या बाजूला पोपडे सुटून सळई दिसते आहे. गिलावा करून घेतला तर चालेल का?

नुसता गिलावा करू नये. निरोगी काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असते आणि त्यामुळे सळईवर संरक्षक थर टिकून राहतो. क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोहोचले की तो थर तुटतो. तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा व्यापतो, आणि हा फुगवटा वरचे काँक्रीट आतून ढकलून पाडतो. म्हणजे पोपडा दिसतो तेव्हा दुखणे बरेच जुने झालेले असते. वरून गिलावा केला की ते दिसेनासे होते आणि आतले काम चालूच राहते.

स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावून काँक्रीटचे नमुने काढावेत आणि सळईच्या खोलीवर क्लोराइड किती आहे, हे तपासून घ्यावे. छताचा एखादाच कोपरा बिघडला असेल तर खराब काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढून, सळई साफ करून किंवा बदलून, दुरुस्तीसाठीच्या खास मिश्रणाने भरता येते. न धुतलेली समुद्राची वाळू वापरून घर बांधले असेल, तर मीठ पहिल्या दिवसापासून सगळ्या काँक्रीटमध्ये आहे असे समजावे. अशा वेळी ठिगळे लावण्याचा खर्च आणि स्लॅब नव्याने टाकण्याचा खर्च यांची तुलना सामान हलवण्यापूर्वीच झाली पाहिजे. दुरुस्तीच्या इतर बहुतेक गोष्टी राहायला गेल्यावर सवडीने करता येतात, ही मात्र आधीच करावी लागते.

६. भिंतीच्या खालच्या भागाला लोणा लागतो, रंग टिकत नाही. उपाय काय?

जमिनीतले किंवा भिंतीतले पाणी क्षार घेऊन पृष्ठभागावर येते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक वाढताना गिलावा फोडतात. वरून प्लास्टिकसारखा रंग दिला तर पाण्याची वाट अडते आणि ओल आणखी वर चढते. पाणी कुठून येते ते आधी शोधावे : बाहेरची जमीन जोत्यापेक्षा उंच झाली आहे का, पन्हळीचे पाणी भिंतीलगत पडते का, नळ गळतो का. कारण दूर केल्यावर खारावलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या वरपर्यंत खरवडून काढावा, भिंत पुरेशी वाळू द्यावी आणि मग चुन्यासारखा श्वास घेऊ देणारा गिलावा व रंग द्यावा. भिंत वाळायला महिने लागू शकतात. घाई केलेली भिंत पुन्हा उतरते.

७. घर उघडले की कुबट वास येतो. रोज राहू लागलो की तो आपोआप जाईल का?

थोडा जाईल, पण माणसे राहू लागली की स्वयंपाक, आंघोळ, कपडे आणि श्वास यांतून नवा ओलावाही घरात येईल. बुरशीला आळा घालण्यासाठी घरातली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवणे हे व्यवहारातले उद्दिष्ट असते. त्यासाठी आर्द्रतामापक घ्यावा. तो बरोबर आहे का हे मिठानेच तपासता येते : बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते थोड्या पाण्याने ओलसर करावे, मापकासह हवाबंद डब्यात दिवसभर ठेवावे, आणि मापकावर ७५ च्या आसपास आकडा दिसतो का ते पाहावे.

खिडक्या उघडल्या की ओल जाते, हे नेहमीच खरे नसते. बाहेरची हवा उबदार आणि दमट, आणि घरातल्या भिंती थंड असतील, तर तीच हवा आत येऊन भिंतीवर ओल धरते. बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. इतर वेळी हवेतला ओलावा काढणारे यंत्र लावावे. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांतली दमट हवा पंख्याने थेट बाहेर जाईल अशी सोय करावी. कपाटे बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे सुटी ठेवावीत. बुरशी बहुधा कपाटाच्या पाठीमागे सुरू होते आणि वास आल्यावरच तिचा पत्ता लागतो. जुन्या गाद्या-उशांना वास लागला असेल तर त्या टाकून द्याव्यात.

वास गटारासारखा असेल तर कारण वेगळे असते. बंद घरात न्हाणीच्या जाळीखालचे पाणी सुकते आणि त्या पाण्याने अडवलेला सांडपाण्याचा वायू आत येतो. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतून बघावे.

८. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी सुट्टीपुरते पुरत होते. वर्षभर पुरेल का?

पाणी किती आहे यापेक्षा ते गोडे किती काळ राहील, हा खरा प्रश्न आहे. किनाऱ्याजवळ जमिनीतले गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. दोहोंच्या घनतेतल्या फरकामुळे समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असते. उलटपक्षी पातळी १ मीटर खाली गेली की खारे पाणी कालांतराने तितक्याच पटीने वर सरकू शकते. हा हिशेब आदर्श परिस्थितीचा आहे, पण त्याचा इशारा खरा आहे : जोरदार पंप लावून एकदम उपसा केल्यास विहीर खारावते आणि ती पुन्हा गोडी व्हायला फार काळ लागतो. थोडे थोडे, लांब अंतराने उपसावे, आणि पावसाचे पाणी साठवण्याची टाकी घर राहते करतानाच बांधून घ्यावी.

पाण्याची तपासणी वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात करावी. लिटरमागे सुमारे २५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड असले की चव जाणवू लागते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण मीठ कमी होत नाही, उलट पाणी आटल्याने ते वाढते. खारे पाणी पिण्याजोगे करायला आरओ लागतो.

घर बराच काळ बंद होते तर राहायला जाण्याआधी टाक्या धुवाव्यात आणि सगळे नळ काही वेळ वाहू द्यावेत. २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढतो आणि तुषारांतून फुप्फुसात जाऊ शकतो, म्हणून शॉवरची जाळी काढून, तुषार न उडवता पाणी सोडावे. साठवणीच्या गिझरचे तापमान ६० अंश ठेवणे हितावह असते. त्या तापमानाचे पाणी भाजते, त्यामुळे मुलांच्या नळाला मिश्रणाची झडप असावी.

९. सेप्टिक टँक सुट्टीत कधीच भरला नाही. तरी तपासावा का?

अवश्य. सुट्टीत थोडे दिवस पुष्कळ माणसे आली की टाकीतला गाळ खाली बसायच्या आत शोषखड्ड्याकडे ढकलला जातो, आणि ते नुकसान तेव्हा दिसत नाही. टाकी उपसून घ्यावी आणि शोषखड्डा मोठ्या भरतीच्या दिवशीही पाणी शोषतो का, ते पाहावे. किनाऱ्याजवळ भूजल उथळ असते आणि उधाणात ते आणखी वर येते. टाकी आणि पाण्याची विहीर यांच्यात किती अंतर हवे, याचा नियम स्थानिक कार्यालयात विचारावा.

१०. उपकरणे लवकर बिघडतात असे ऐकले. कशाची काळजी घ्यावी?

सर्वांत आधी एसीचा बाहेरचा भाग. त्यातल्या तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात, आणि दोन धातूंचा जो त्रास प्रश्न ४ मध्ये सांगितला, तो येथे सर्वांत लवकर दिसतो. गंजरोधक लेप असलेला नमुना घ्यावा, तो समुद्राच्या थेट वाऱ्यात लावू नये आणि गोड्या पाण्याने धुवावा. सौर पॅनेल घेताना आयईसी ६१७०१ ही खाऱ्या धुक्याची चाचणी उत्तीर्ण आहे का, हे पाहावे. चौकटीचे नटबोल्टही त्याच दर्जाचे हवेत.

विजेच्या बाबतीत काटकसर करू नये. बाहेरच्या स्विचांची पेटी धूळ आणि पाणी अडवणाऱ्या आयपी ६५ दर्जाची असावी, अर्थिंगचे जोड दरवर्षी उघडून पाहावेत आणि ३० मिलिअँपियर वीज गळताच ती तोडणारे संरक्षक उपकरण असावे. त्यावरचे चाचणीचे बटण दाबून ते चालते याची खात्री करत राहावी, कारण खाऱ्या हवेत ते अडकून बसण्याची शक्यता असते.

११. खोल्या कशा वाटाव्यात? समुद्र दिसणारी खोली कोणाला द्यावी?

हा प्रश्न जितक्या कुटुंबांकडून येतो तितक्या वेळा त्यामागे वाद झालेला असतो. माझा सल्ला असा आहे की समुद्र दिसणारी सर्वांत चांगली जागा कोणाचीही झोपायची खोली करू नये. झोपायच्या खोलीत माणूस जागेपणी थोडाच वेळ असतो. ती जागा जेवणाची आणि बसण्याची करावी, म्हणजे घरातल्या प्रत्येकाला रोज तिचा उपभोग मिळतो. झोपायच्या खोल्या वाऱ्याच्या आडोशाला, शांत बाजूला असाव्यात. वादळी रात्री काचेवर आदळणारा वारा मुलांनाच काय, मोठ्यांनाही झोपू देत नाही.

त्यानंतर ठेवणीची जागा. सुट्टीच्या घरात दुमजली पलंगांनी भरलेली एक खोली बहुधा असते; तिचे अर्धे पलंग काढून तिथे भिंतभर कपाटे करावीत. दुसरी महत्त्वाची जागा म्हणजे मागचे दार : वाळूचे पाय, ओले टॉवेल आणि सायकली पुढच्या बैठकीतून न जाता तिथेच थांबल्या पाहिजेत. दाराबाहेर पाय धुण्याचा नळ, आत बसायला बाक, बाकाखाली चपलांचे कप्पे, आणि ओले कपडे टांगायला छताखालची दोरी एवढे केले तरी घरातली निम्मी कुरबूर थांबते.

आणि प्रत्येकाला दार लावता येईल असा एक कोपरा हवा. सुट्टीत सगळे एकत्र असावेत म्हणून भिंती काढून टाकलेल्या असतात. बारमाही राहणाऱ्या माणसाला कधीतरी एकटे बसायचे असते, फोनवर बोलायचे असते, रडायचेही असते. त्या दृष्टीने एखादी भिंत पुन्हा उभी करणे हा पैशाचा अपव्यय नाही.

१२. मुले समुद्राच्या इतक्या जवळ राहणार. सुरक्षिततेचे काय?

सुट्टीत मुलांवर सतत कोणाचे तरी लक्ष असते. राहते घर झाल्यावर ते लक्ष सैल होते आणि समुद्र ओळखीचा वाटू लागतो, धोका तिथे आहे. पोहणे शिकवावेच, शिवाय समुद्र वाचायलाही शिकवावे. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते. भरतीचे तक्ते स्वयंपाकघरात लावावेत. लाटांच्या रांगेत मध्येच शांत, गढूळ पट्टा दिसला तर तिथून पाणी वेगाने खोल समुद्राकडे ओढत असण्याची शक्यता असते. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत न पोहता आधी किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावे, दमल्यास तरंगत राहावे आणि हात वर करावा. एकट्याने पाण्यात जायचे नाही, हा नियम घरातल्या मोठ्यांनीही पाळावा.

शाळेबाबत एवढेच, की वर्षाच्या मध्यात बदल टाळावा आणि जुन्या मित्रांना पहिल्याच सुट्टीत घरी बोलवावे.

१३. घरातल्या एकालाच जायचे नाही. त्याला कसे समजवावे?

समजावण्याआधी त्याचे म्हणणे काय आहे, ते नीट ऐकावे. नकार देणारी व्यक्ती बहुतेक वेळा समुद्राला नकार देत नसते. तिला काहीतरी गमवावे लागणार असते. आजोबांची रोज संध्याकाळी भेटणारी मंडळी, कष्टाने मिळवलेली नोकरी, किशोरवयीन मुलीची जिवाभावाची मैत्रीण यांना समुद्रदर्शन हा पर्याय होऊ शकत नाही. प्रश्न २ मधल्या यादीत याच व्यक्तीचे टिपण सर्वांत काळजीपूर्वक वाचावे. तिचे जे जाणार आहे ते तिथे कसे टिकवता येईल, याचा ठोस आराखडा करावा : आठवड्यातला ठरलेला प्रवास, शहरात मुक्कामाची जागा, कामाची स्वतंत्र खोली. आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुन्हा सगळ्यांनी बसून निर्णय तपासायचा, असे आधीच ठरवावे. मात्र त्या बैठकीत परतण्याचा निर्णयही खरोखर खुला असला पाहिजे, नाहीतर ते आश्वासन पोकळ ठरते.

घरकाम कोणाच्या अंगावर पडणार, हेही याच वेळी बोलावे. वाळू, मीठ आणि ओल यांमुळे समुद्रकाठच्या घराची झाडलोट आणि देखभाल निश्चितपणे जास्त असते. ती सगळी एकाच व्यक्तीवर, बहुधा घरातल्या बाईवर, पडणार असेल, तर तिचा नकार पूर्णपणे रास्त आहे.

१४. नातेवाईक अजूनही पूर्वीसारखे सुट्टीला येतात. त्यांना न दुखावता काय सांगावे?

स्पष्ट आणि वेळेवर सांगावे. त्यांच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते, कारण घर तेच, समुद्र तोच. तुमच्या मुलांची मात्र परीक्षा असते आणि तुम्ही सकाळी कामाला बसलेले असता. वर्षाच्या आरंभीच सर्वांना कळवावे की घर आता राहते झाले आहे, अमुक काळात या, एका वेळी इतकीच माणसे या, आणि येण्यापूर्वी विचारा. पाहुण्यांची खोली ठरवून द्यावी आणि मुलांची खोली कधीही पाहुण्यांसाठी रिकामी करायला लावू नये. ज्या मुलाला दर सुट्टीत आपली खाट सोडावी लागते, त्याला ते घर आपले वाटत नाही. ज्यांची लहानपणची वर्षे या घरात गेली आहेत, त्यांच्याशी जरा हळुवार वागावे. त्यांचे येथे येणेच बदलते आहे, त्यामुळे त्यांच्या एखाद्या वस्तूला, एखाद्या प्रथेला जागा ठेवावी.

१५. घर भावंडांच्या सामाईक मालकीचे आहे आणि आम्हालाच तिथे राहायचे आहे. हे कसे जमवावे?

तोंडी संमतीवर एक खिळाही ठोकू नये. तुम्ही दुरुस्तीवर खर्च केला की त्या खर्चाचा वाटणीत हिशेब कसा होणार, बाकीच्यांना राहण्याचा हक्क कधी आणि किती, कर कोण भरणार, तुम्ही वापराचे भाडे देणार का, आणि पुढे कोणाला हिस्सा विकायचा झाल्यास किंमत कोण ठरवणार, हे पाच मुद्दे लेखी झाले पाहिजेत. शक्य असल्यास स्वतंत्र मूल्यमापन करून हिस्से विकत घेणे सर्वांत स्वच्छ असते. वकील सगळ्यांना मान्य असावा किंवा प्रत्येकाचा वेगळा असावा. दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे आणि सगळ्या पावत्या जपून ठेवाव्यात.

१६. कागदोपत्री काय बदलावे लागते?

विमा कंपनीला घर आता बारमाही वापरात आहे हे लेखी कळवावे. अधूनमधून वापराच्या घराची पॉलिसी वेगळ्या अटींवर दिलेली असते आणि न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येऊ शकतो. पुराचे आणि समुद्राच्या पाण्याचे नुकसान त्यात धरले आहे का, हे शब्दशः वाचावे. गृहकर्ज दुसऱ्या घरासाठी घेतलेले असेल तर बँकेला कळवावे. बांधकामाची परवानगी केवळ हंगामी वापराची किंवा पर्यटननिवासाची असेल, तर वापरबदलाची मंजुरी मिळेपर्यंत सामान हलवू नये. संकुलातले घर असेल तर त्याची नियमावलीही पाहावी. काही संकुले हंगामाबाहेर पाणी किंवा देखभाल बंद करतात.

१७. वादळाची तयारी कितपत लागते?

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. त्यामुळे साध्या वाऱ्यात टिकलेले छप्पर वादळात टिकेलच असे नाही. छपराचे वासे भिंतीला आणि भिंत पायाला धातूच्या पट्ट्यांनी बांधलेली आहे का, हे तपासून घ्यावे. वादळात एखादी खिडकी उघडी ठेवली की दाब समान होतो, हा समज घातक आहे. आत शिरलेला वारा छपराला खालून उचलतो. सगळी दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात आणि काचांना बाहेरून झडपा असाव्यात. स्थलांतराची सूचना आली की घर सोडावे. सुट्टीच्या घरातून निघून जाणे सोपे असते. राहत्या घरातून पाय निघत नाही, म्हणून कागदपत्रांची पिशवी आणि जायचे ठिकाण आधीच ठरलेले असावे. घरात खारे पाणी शिरले असेल तर वायरिंग तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये.

१८. समुद्र दरवर्षी पुढे येतो आहे असे वाटते. तरीही येथे कायमचे राहावे का?

आयपीसीसी या हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, आणि २००६ ते २०१८ मध्ये वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. तुमच्या किनाऱ्याची धूप मात्र केवळ यावर अवलंबून नसते. वाळूचा पुरवठा, जवळची बांधकामे आणि लाटांची दिशा यांचा प्रभाव पुष्कळदा मोठा असतो. म्हणून जुने मोजणी नकाशे आणि उपग्रहचित्रे मिळवून किनारारेषा किती सरकली, हे मोजावे. घर आणि रेषा यांतल्या अंतराला सरासरी वार्षिक धूपीने भागले की एक ढोबळ मुदत मिळते. ही मुदत तुमच्या गृहकर्जाच्या किंवा मुलांच्या शिक्षणाच्या काळाहून कमी असेल, तर ते घर सुट्टीचेच राहू द्यावे.

भिंत बांधून सुटका होईल, अशी आशा अनेकांना असते. उभ्या भिंतीवर आदळलेली लाट परतताना समोरची वाळू ओढून नेते आणि भिंतीच्या टोकांना शेजाऱ्याच्या जमिनीची धूप वाढते. परवानगीशिवाय ती बांधणे बहुतेक ठिकाणी बेकायदेशीरही असते. वाळूच्या टेकड्या आणि त्यांवरच्या वनस्पती राखणे, त्यांवरून पायवाट न पाडता लाकडी फळ्यांची वाट करणे हे तुमच्या हातात आहे. त्यापलीकडचे काम सगळ्या वस्तीने मिळून, किनारा अभियांत्रिकीच्या जाणकाराच्या सल्ल्याने करावे.

१९. जुने घर विकावे की काही काळ ठेवावे?

परवडत असेल तर एक पूर्ण वर्ष ठेवावे आणि शक्य झाल्यास भाड्याने द्यावे, म्हणजे प्रश्न १३ मधली फेरविचाराची बैठक खरी ठरते. परवडत नसेल, तर निदान प्रश्न ५ आणि १८ यांची उत्तरे हातात येईपर्यंत विक्रीच्या करारावर सही करू नये.